राहिलेला गृहपाठ : कोळशाची मालकीण एलिझाबेथ माँटेग्यू

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप आपल्या ग्रुपवर तीनदा येऊन गेला. शाळेच्या आठवणी तुम्ही सगळे माझ्यापेक्षा चांगल्या लिहाल. सहल, डबे, स्नेहसंमेलनात ऐन वेळी पडलेला पडदा, हे सगळं येईलच. मी त्याऐवजी एक राहिलेला गृहपाठ देते आहे.

नववीत इतिहासाला औद्योगिक क्रांतीचा धडा होता. जेम्स वॅट, आर्कराइट, स्टीफन्सन ही नावं पाठ करून घेतल्यावर बाईंनी विचारलं होतं, की या अख्ख्या धड्यात एकही बाई का नाही? मागच्या बाकावरून कोणीतरी व्हिक्टोरिया राणीचं नाव घेतलं. राणी सोडून एखादी शोधून आणा, असं बाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी कोणीच आणली नाही. चाचणी परीक्षा जवळ आली होती, विषय तिथेच राहिला.

मला ती बाई भेटायला वीस-पंचवीस वर्षं जावी लागली. कंपनीच्या कामासाठी मी काही महिने इंग्लंडच्या उत्तरेला न्यूकॅसल शहरात होते. रोजची बस वेस्ट रोडने जायची. वाटेत डेंटन नावाचा भाग लागतो. तिथे रस्त्याच्या कडेला रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीचा एक तुकडा उभा आहे आणि जवळच १६२२ साली बांधलेला डेंटन हॉल नावाचा दगडी वाडा आहे. या वाड्यात एके काळी कोळशाच्या खाणीची मालकीण येऊन राहायची, असं ऑफिसमधल्या एका स्थानिक सहकाऱ्याने सहज सांगितलं. तिचं नाव एलिझाबेथ माँटेग्यू. (माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांतले माँटेग्यू वेगळे, त्यांचा हिचा काही संबंध नाही. मलाही आधी तेच आठवले होते.)

इंग्रजी साहित्य शिकलेल्यांना हे नाव ठाऊक असेल, पण वेगळ्या कारणाने. लंडनच्या ‘ब्लू स्टॉकिंग’ मंडळाची ती अध्वर्यू. पत्ते आणि दारू बाजूला ठेवून स्त्री-पुरुषांनी एकत्र बसावं, चहा-लिंबूपाणी घ्यावं आणि पुस्तकांवर बोलावं, ही त्या काळी नवलाईची गोष्ट तिने घरी सुरू केली. मंडळात येणारे बेंजामिन स्टिलिंगफ्लीट हे वनस्पतिशास्त्रज्ञ रेशमी मोजे न घालता साधे निळे लोकरी मोजे घालून यायचे. त्यावरून मंडळाला नाव पडलं आणि पुढे तो शब्द शिकलेल्या बाईला हिणवण्यासाठी वापरला जाऊ लागला. एलिझाबेथवर जे काही लिहिलेलं मिळतं त्यातलं बहुतेक या दिवाणखान्याबद्दल आहे. त्या दिवाणखान्याची शेगडी आणि खर्च दोन्ही कशावर चालत होतं, याची दखल फार उशिरा घेतली गेली.

तिचा जन्म २ ऑक्टोबर १७१८ चा, माहेर रॉबिन्सन. घर यॉर्कशायरचं, खातंपितं, मुलं पुष्कळ. आजीने दुसरं लग्न केलं होतं केंब्रिजच्या कॉनियर्स मिडलटन या विद्वानाशी. हे आजोबा मोठ्या माणसांच्या चर्चेत लहानग्या एलिझाबेथला बसवून घ्यायचे आणि पाहुणे गेल्यावर कोण काय म्हणालं ते तिच्याकडून वदवून घ्यायचे. भाऊ शाळा-कॉलेजात गेले, ती गेली नाही. पण एक प्रकारचं शिक्षण तिला या बैठकांत मिळालं. अंगात चुळबूळ इतकी, की पोर्टलंडच्या डचेसने, म्हणजे तिच्या मैत्रिणीने, तिचं नाव ‘फिजेट’ ठेवलं होतं.

१७४२ मध्ये तिने एडवर्ड माँटेग्यूशी लग्न केलं. ती तेविशीतली, तो पन्नाशीचा. प्रेमविवाह नव्हता, तिने तसा आवही आणला नाही. एडवर्ड गणितात रमणारा, पार्लमेंटचा सदस्य, सँडविचच्या पहिल्या अर्लचा नातू. यॉर्कशायर आणि नॉर्थंबरलंडमध्ये त्याच्या जमिनी होत्या आणि काही जमिनींखाली कोळसा होता. पुढच्या वर्षी मुलगा झाला, जॉन. लाडाने त्याला पंच म्हणत. दात येण्याच्या वयात, सव्वा वर्षाचा असताना, आकडी येऊन तो गेला. त्यानंतर तिला मूल झालं नाही. तिच्या पुढच्या सगळ्या धावपळीचं मूळ या दुःखात शोधणारे लोक आहेत. मला ते फार सोपं उत्तर वाटतं. धावपळ तिच्यात लहानपणापासूनच होती.

१७५८ साली एडवर्डचे नातलग जॉन रॉजर्स वारले. ते अनेक वर्षं मनोरुग्ण होते. त्यांच्या इस्टेटीचा मोठा हिस्सा एडवर्डकडे आला आणि त्यात डेंटन होतं. एलिझाबेथ पहिल्यांदा न्यूकॅसलला गेली ती या निमित्ताने. तिला ते शहर आवडलं नाही. धूर, काळपट माणसं, न कळणारी बोली आणि कोळशाशिवाय दुसरं काही न बोलणारे व्यापारी, अशी तक्रार ती मैत्रिणींना पत्रांतून करत राहिली. पण त्याच व्यापाऱ्यांच्या पंगतीला बसून ती ऐकत होती. आजोबांनी लावलेली सवय इथे कामाला आली असणार.

आता हा धंदा कसा चालायचा ते जरा सविस्तर सांगते, कारण मला यातच जास्त रस वाटला. लंडन शहर तेव्हा न्यूकॅसलच्या कोळशावर तापत होतं. १६६६ च्या आगीनंतर सेंट पॉल कॅथीड्रल पुन्हा बांधलं गेलं, ते लंडनमध्ये येणाऱ्या कोळशावर कर बसवून. डेंटनसारख्या खाणीतून कोळसा वर आला की तो घोड्याने ओढायच्या डब्यात भरायचा. हे डबे लाकडी रुळांवरून टाइन नदीच्या धक्क्यापर्यंत जायचे. वाटेत दुसऱ्याची जमीन लागली तर त्याला वाटेचं भाडं द्यावं लागे आणि हे भाडं कधी कधी कोळशाच्या नफ्याएवढंच डोईजड व्हायचं. डेंटन हे न्यूकॅसलच्या जुन्या पुलाच्या वरच्या अंगाला. पुलाच्या कमानी बुटक्या, मोठी जहाजं तिथवर येऊ शकत नसत. म्हणून कोळसा आधी ‘कील’ नावाच्या सपाट होड्यांत भरायचा, नदीच्या मुखाशी न्यायचा, तिथे माणसांनी फावड्याने तो जहाजात चढवायचा आणि मग जहाज समुद्रमार्गे लंडनला.

मोजमापाची तर गंमतच होती. ‘चाल्ड्रन’ हे माप न्यूकॅसलला साधारण ५३ हंड्रेडवेटचं, म्हणजे अडीच टनांहून थोडं जास्त. लंडनचं चाल्ड्रन त्याच्या जेमतेम निम्मं. नाव एक, माप दोन. एका कीलमध्ये न्यूकॅसलची ८ चाल्ड्रन, म्हणजे सुमारे २१ टन कोळसा मावायचा. आमच्या क्षेत्रात दोन सिस्टिमांनी एकाच नावाखाली वेगवेगळी एककं धरली की काय हाहाकार होतो ते मी पाहिलेलं आहे. ही बाई मेणबत्तीच्या उजेडात असले हिशेब जुळवत होती.

खाण म्हणजे नुसती जमीन असणं नव्हे. नवा उभा बोगदा पाडायचा तर कोळसा लागेपर्यंत पैसा फक्त ओतत राहायचा. खाली पाणी भरतं, ते उपसायला वाफेचा पंप लागतो, तो पंप कोळसाच खातो. वायू साचतो, स्फोट होतात. एवढं करून कोळसा बाहेर आला, तर बाजारात भाव पडलेला असू शकतो. भाव पडू नये म्हणून टाइनकाठचे मोठे मालक आपसांत ठरवून माल रोखायचे. १७७१ पासून तर कोणी किती कोळसा विकायचा याचे हिस्सेच ठरू लागले. या बैठकांत शतकाच्या सुरुवातीपासून दबदबा होता तो लिडेल, बोज, वॉर्टली अशा घराण्यांतल्या पुरुषांचा.

एडवर्डला गणिताची आवड होती, पण अंकांशी भांडणारी माणसं हाताळायची त्याला आवड नव्हती. पुढे प्रकृतीही खालावत गेली. मुनिमांशी पत्रव्यवहार, भाडेपट्टे, हिशेब तपासणं हे हळूहळू एलिझाबेथकडे आलं. १७६६ मध्ये ती बरेच दिवस डेंटनला राहिली. नवरा हयात असतानाच ती मैत्रिणींना लिहिताना स्वतःला समीक्षक आणि कोळशाची मालक असं एका दमात म्हणवून घेत होती. कायद्याने हे साफ चूक होतं. लग्न झालेल्या बाईच्या नावावर तेव्हाच्या इंग्लंडमध्ये काहीही नसे. जे तिचं ते नवऱ्याचं. हा कायदा नीट बदलायला १८८२ साल उजाडलं. ती मालक नव्हती, मालकाची बायको होती. काम मात्र मालकाचं करत होती आणि शब्दही तोच वापरत होती. (आमचं घर घेतलं तेव्हा कर्ज माझ्या पगारावर होतं, तरी एजंट सगळे आकडे माझ्या नवऱ्याकडे बघून सांगत होता. नवरा बिचारा प्रत्येक वेळी माझ्याकडे बोट दाखवायचा.)

मे १७७५ मध्ये एडवर्ड वारला आणि सगळी इस्टेट तिच्या नावे ठेवून गेला. वर्षाला सुमारे ७००० पौंडांचं उत्पन्न. विधवेला मात्र कायदा मालक मानत होता. छप्पन वर्षांची एलिझाबेथ त्याच वर्षी उत्तरेला गेली, यॉर्कशायरच्या जमिनी पाहिल्या, डेंटनचे हिशेब मांडून घेतले, कुळांना आणि खाणकामगारांना जेवण दिलं. लंडनमधल्या कित्येकांना वाटलं होतं की ती आता कारभाऱ्यांवर सोपवून मोकळी होईल, किंवा लग्न करेल. तिने दोन्ही केलं नाही. पुढची पंचवीस वर्षं खाण तिच्या हुकमाने चालली.

तिच्या पैशाचं काय झालं? एलिझाबेथ कार्टर या विदुषीने मूळ ग्रीकमधून एपिक्टेटसचं इंग्रजी भाषांतर केलं होतं. वारसा हातात येताच तिला वर्षाला १०० पौंड तहहयात लावून दिले. इतरही लिहित्या बायकांना मदत गेली. अठराव्या शतकातल्या अनेक लेखिका ज्या निश्चिंतीने लिहू शकल्या, त्यात टाइनकाठच्या कोळशाचा वाटा आहे. तिने स्वतः १७६९ मध्ये निनावी पुस्तक लिहून व्होल्टेरच्या हल्ल्यापासून शेक्सपिअरचा बचाव केला होता. त्याची जर्मन आणि फ्रेंच भाषांतरं झाली. १७७६ मध्ये ती पॅरिसला होती, तेव्हा फ्रेंच अकादमीत व्होल्टेरचं शेक्सपिअरवर तोंडसुख घेणारं पत्र वाचलं गेलं, ते तिने समोर बसून ऐकलं. डॉ. जॉन्सनसारख्यांना ते पुस्तक फारसं पटलं नव्हतं. मी चाळलं. ते पुष्कळ अघळपघळ आहे, पण भांडण खरं आहे.

बाकी पैसा विटा-दगडांत गेला. लंडनच्या पोर्टमन स्क्वेअरमध्ये जेम्स स्टुअर्टकडून तिने प्रचंड घर बांधून घेतलं आणि १७८१ मध्ये तिथे राहायला गेली. त्यातल्या एका दालनाच्या भिंती पक्ष्यांच्या पिसांनी मढवल्या होत्या. मोरापासून कोंबडीपर्यंत कुठलीही पिसं चालतील, जमवून पाठवा, असं ती ओळखीपाळखीच्या सगळ्यांना कळवत असे. १७९१ मध्ये हे दालन झाल्यावर राणी शार्लट ते पाहायला आली होती.

इथपर्यंत लिहून थांबले असते तर बाईंना आवडेल असा गृहपाठ झाला असता. पण डेंटनच्या त्या रस्त्यावरून महिनोन्‌महिने गेल्यामुळे खाली काम करणाऱ्यांचं काय, हे डोक्यातून जाईना.

टाइनकाठच्या खाणकामगारांना वर्षभराचा करार करावा लागे. मधेच सोडून जाणं गुन्हा. १७६५ मध्ये मालकांनी आपसांत ठरवलं, की आधीच्या मालकाची चिठ्ठी असल्याशिवाय दुसऱ्याच्या माणसाला कामावर घ्यायचं नाही. (आपण त्याला रिलीव्हिंग लेटर म्हणतो.) त्यावर कामगारांनी त्या पट्ट्यात मोठा संप केला. मुलगे सात-आठ वर्षांचे झाले की खाणीत उतरायचे. खाणीतल्या हवेसाठी लावलेली दारं उघडायची-मिटायची, अंधारात बारा-बारा तास बसून. एलिझाबेथला हे दिसत होतं. तिने डेंटनला मुलग्यांसाठी शाळा चालवली आणि मुलींना कातणं, विणणं, शिवणं शिकवायची शाळा काढायचं ठरवलं. म्हाताऱ्या, आंधळ्या, लंगड्या माणसांना ती जेवू घाले. पण मुलांनी खाणीत जाऊ नये, असं तिला सुचलेलं दिसत नाही. दिवाणखान्यात बायकांच्या बुद्धीबद्दल सगळ्या युरोपाच्या पुढे असलेली ही बाई खाणीच्या तोंडाशी मात्र शेजारच्या इतर मालकांसारखीच मालक होती. थोडी जास्त मायाळू, एवढाच फरक.

लंडनमध्येही तेच. दरवर्षी १ मे रोजी पोर्टमन स्क्वेअरच्या घराच्या अंगणात धुराडी साफ करणाऱ्या पोरांना ती पोटभर भाजलेलं मांस आणि पुडिंग द्यायची, हातावर नाणं ठेवायची. शहरभर त्याची चर्चा होत असे. ती पोरं म्हणजे कोळशाच्या काजळीने भरलेल्या अरुंद धुराड्यांत आतून चढणारी पाच-सहा वर्षांपासूनची मुलं. तो कोळसा यायचा तो टाइनकाठाहूनच. एका टोकाला अंधारात दाराशी बसलेलं पोर, दुसऱ्या टोकाला धुराड्यात चढलेलं पोर आणि मधे ती, दोघांनाही जेवायला घालणारी. हे ढोंग होतं असं मला वाटत नाही. तिला खरंच वाईट वाटत असणार. तरीही मला हे चित्र सुखाने बघता येत नाही.

एकाने मात्र तोंडावर भांडण केलं. जेम्स वुडहाउस हा चांभारकाम करणारा कवी. तिने त्याला आश्रय दिला, आपल्या इस्टेटीचा कारभारी केलं आणि पुढे मतभेद झाल्यावर काढून टाकलं. त्याने आपल्या दीर्घ आत्मकथनपर काव्यात मदत करणाऱ्या मालकिणीचा अहंकार सोलून काढला. तो काही प्रमाणात जखमी माणसाचा राग आहे. पण दान घेणाऱ्याला वाकून किती उभं राहावं लागतं, हे त्याच्याइतकं तिच्या इतर मित्रांपैकी कोणी नोंदवलेलं नाही.

वारस म्हणून तिने भाच्याला, मॅथ्यूला, जवळ केलं. १७७६ मध्ये, चौदाव्या वर्षी, त्याने माँटेग्यू आडनाव घेतलं. शेवटी तिची नजर फार मंदावली होती, तरी कारभार चालूच होता. २५ ऑगस्ट १८०० रोजी ती पोर्टमन स्क्वेअरच्या घरी वारली. मॅथ्यूने १८०९ ते १८१३ मध्ये तिची पत्रं चार खंडांत छापली, पण ती तिच्या चाळिशीपाशीच थांबतात. त्यानंतरची, म्हणजे ती खऱ्या अर्थाने कोळशाचा कारभार पाहू लागली तेव्हापासूनची पत्रं पुस्तकरूपाने यायला १९२३ साल उजाडलं. मधली शंभरहून जास्त वर्षं वाचकांना माहीत होती ती चुणचुणीत, विनोदी, पाहुण्यांनी वेढलेली एलिझाबेथ. बाईंच्या धड्यात ती का नव्हती, त्याचं एक कारण इथे असावं.

पोर्टमन स्क्वेअरचं घर दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात पडलं. पिसांचं दालन त्याच्याही कितीतरी आधी किड्यांनी खाल्लं होतं.

डेंटन-स्कॉट्सवुडच्या खाणींना मात्र माँटेग्यू हे नाव राहिलं. ३० मार्च १९२५ च्या सकाळी तिथल्या व्ह्यू पिटमध्ये कोळसा काढताना शेजारच्या जुन्या, कित्येक दशकांपूर्वी सोडून दिलेल्या खाणीची भिंत फुटली. त्या जुन्या खाणीचं नाव पॅरडाइज. तिच्यात साठलेलं पाणी आत घुसलं. ३८ पुरुष आणि मुलगे बुडाले. पाणी उपसून सगळे देह बाहेर काढायला कित्येक महिने लागले. पॅरडाइजमध्ये कोणी, कधी, किती दूरवर खणलं होतं, हे त्या सकाळी खाली उतरलेल्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे वीस वर्षांपूर्वीचा, लिहिणारे सोडून गेलेला कोड उघडायची वेळ आली की हल्ली मी तरुण मुलांना आधी थांबायला सांगते. का थांबायचं ते विचारलं तर त्यांना या ३८ जणांची गोष्ट सांगते.